हार्ट नाहीतर लंग ट्रान्सप्लांट सांगितलंय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरातल्यांनी काय काय करायचं

माझं मेडिकल दुकान आहे, वडगावात. महिन्याला एखादा तरी माणूस काउंटरवर फाईल ठेवतो आणि हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर ट्रान्सप्लांट म्हणालेत ओ, आता पुढं काय करायचं?" मलाच का, तर आमच्या दाजींचं हार्ट २०१९ ला बेंगळूरला बदललंय हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेच तेच सांगून कंटाळा आला, आणि उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदाच बैजवार लिहून काढालोय. मी डॉक्टर नाही. गोळ्या विकणारा आहे आणि इतकी वर्षं दाजींची वही लिहिणारा आहे, तेवढाच माझा अधिकार. औषध वाढवणं-कमी करणं, नाव घालणं-न घालणं हे तुमच्या टीमनंच ठरवायचं.

लोकांना भीती ऑपरेशनची वाटते. पण घरच्यांच्या बाजूनं बघितलं तर तोच त्यातल्या त्यात सोपा भाग, कारण ते दुसरं कोणतरी करतंय. जगातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट डिसेंबर १९६७ ला केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्डनी केलं, पेशंट १८ दिवस जगला. लगेच फेब्रुवारी १९६८ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केलं, तो पेशंट काही तासांत गेला. म्हणजे एक हार्ट काढून दुसरं शिवणं तेव्हाच येत होतं, सांभाळणं येत नव्हतं. आपल्याकडे यशस्वी ट्रान्सप्लांट व्हायला ३ ऑगस्ट १९९४ उजाडला, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून, आणि मधल्या काळात सायक्लोस्पोरीनसारखं इम्युनिटी दाबणारं औषध आलं होतं आणि रिजेक्शन (शरीरानं नवा अवयव परका म्हणून नाकारणं) आधी पकडायची बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणं) आली होती. तेव्हा आपलं घरच्यांचं काम काय, तर वेळेत जाणं आणि नंतर वही लिहिणं.

जायचं कधी

आपल्याकडे समज असा की सगळे उपाय हरले की मग ट्रान्सप्लांट. तसं नसतंय. पेशंट इतका आजारी पाहिजे की बदलल्याशिवाय त्याचं भागणार नाही, आणि इतका धडधाकट पाहिजे की एवढं मोठं ऑपरेशन सोसेल. या दोन्हीच्या मधली खिडकी काही महिन्यांची असते, कधी वर्षाची.

आमची निपाणीची एक मावशी, तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य गेलं तिचं, फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. पहिल्या स्कॅनमध्येच ते लिहिलेलं होतं. पण "सध्या गोळ्यांवर बघू" म्हणत दीड वर्ष गेलं, आम्हीही कोण पुढं होऊन विचारलं नाही, आणि शेवटी पुण्याला नेली तेव्हा चोवीस तास ऑक्सिजन, वजन चौतीस किलो, संडासला जायलाही दोघं लागायची. तिथल्या डॉक्टरांनी फाईल बघून शांतपणे सांगितलं, फुफ्फुस मिळेल हो, पण श्वास ओढायला लागणारे स्नायूच राहिले नाहीत. वर्षभर आधी आणली असती तर बोलता आलं असतं. हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

तर फुफ्फुसाचा फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होत जाणं) सारखा आजार असेल तर निदान झालं त्याच महिन्यात ट्रान्सप्लांट सेंटरला एकदा फाईल दाखवायची. नाव घालायचं नसतं तेव्हा, नुसती ओळख. रिपोर्टात एफव्हीसी (एका दमात किती हवा बाहेर फुंकता येते) ८० टक्क्यांच्या खाली किंवा डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो) ४० टक्क्यांच्या खाली दिसला, चालताना ऑक्सिजन लागायला लागला, तर अजिबात थांबायचं नाही. सीओपीडीवाल्यांचं (श्वासनळ्या आकसलेल्या, जुना दमा-खोकला) वेगळं, त्यांचा आजार हळू जातो, तिथे बोड नावाचा स्कोअर काढतात, वजन, दम, फुंकण्याची ताकद आणि सहा मिनिटांत किती चालतो यावरून. ढोबळ हिशोब असा की पुढच्या दोन वर्षांत आजारानं जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली तर ट्रान्सप्लांटचा विचार करतात.

हार्टवाल्यांनी नुसत्या ईएफच्या (हार्ट एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) आकड्यावर जाऊ नका. ईएफ २० असलेला माणूस मार्केटला जाऊन भाजी आणतो आणि ३० वाला अंथरुणाला खिळलेला असतो, दोन्ही मी दुकानात बघितलेत. खरी खूण अशी: वर्षात दोनदा-तीनदा पाणी साठून ॲडमिट, लघवीच्या गोळीचा डोस वाढतच चाललाय, बीपी इतकं कमी की हार्टच्या चांगल्या गोळ्याच कमी कराव्या लागताहेत, रक्तातलं सोडियम खाली, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वर, छातीत बसवलेलं मशीन शॉक मारतंय, नाहीतर सलाईनमधून हार्टला जोर द्यायचं औषध बंदच करता येईना. यातलं एकही असलं तर आपणच विचारायचं, "डॉक्टर, ट्रान्सप्लांट सेंटरला एकदा दाखवू काय?" डॉक्टरला राग येत नाही ओ.

२०२२ ला बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात हार्ट ट्रान्सप्लांट झालं, धारवाडहून ग्रीन कॉरिडॉर (पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवून) करून हार्ट आणलं होतं. म्हणजे हार्टची पहिली चौकशी आता गावातही करता येते. फुफ्फुसासाठी मात्र बेंगळूर, चेन्नई, पुणे, मुंबई अशा मोठ्या शहरांत बघावं लागतं.

निवड कशी करतात

आठवडाभर ॲडमिट करून तपासतात. लोकांना वाटतं एवढ्या टेस्ट म्हणजे लुटालूट. पण विचार करा, अवयव मोजके आहेत. २०२३ मध्ये अख्ख्या देशात हार्ट ट्रान्सप्लांट २२१ आणि लंग १९७ झाले. देणाऱ्याच्या घरच्यांनी कुठल्या अवस्थेत हो म्हटलेलं असतं. ते हार्ट ज्याच्यात टिकेल त्यालाच द्यायचं म्हटल्यावर बारकाईनं बघणारच.

हार्टसाठी दोन तपासण्यांवर बरंच अवलंबून असतं. एक, तोंडाला मास्क लावून सायकल मारायची किंवा ट्रेडमिलवर चालायचं, त्यात शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते मोजतात. वजनाच्या किलोमागे मिनिटाला १४ मिलीच्या खाली, आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर १२ च्या खाली, म्हणजे हार्ट खरंच थकलंय. दुसरी उजव्या बाजूची कॅथ, मानेतून नळी घालून फुफ्फुसाच्या नसांतलं प्रेशर बघतात. हे का, तर जुनं हार्ट वर्षानुवर्षं तुंबलेलं असतं, त्यामुळे फुफ्फुसाच्या नसा कडक झालेल्या असतात, आणि नव्या हार्टच्या उजव्या कप्प्याला एवढ्या प्रेशरची सवय नसते, टेबलावरच ते दमतं. हा अडथळा वुड युनिटमध्ये लिहितात, ५ च्या वर आणि औषधानंही खाली येत नसला तर नुसतं हार्ट बदलणं धोक्याचं. मग काही जणांना आधी हार्टला मदत करणारा पंप बसवून प्रेशर उतरतंय काय बघतात, अगदीच नाही तर हार्ट आणि लंग दोन्ही एकदम. दाजींचा पहिला आकडा ५ च्या थोडा वर आला होता, आक्का तिथंच बाकावर बसली. औषध देऊन परत मोजलं तेव्हा ३ च्या आसपास आला. तेव्हा पहिल्याच आकड्यावर गावात फोन करत सुटू नका.

बाकी रक्तगट, उंची-वजन, छातीचा आकार, किडनी, लिव्हर, साखर, कॅन्सर कुठं लपलाय काय, टीबी, दात. होय दातसुद्धा, कारण नंतर इम्युनिटी दाबल्यावर किडलेल्या दाढेतलं इन्फेक्शन रक्तात जायला वेळ लागत नाही. किडनीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर एकटं हार्ट द्यायला कचरतात, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.५ च्या वर असेल तर आधी साखर आणा म्हणतात, बीएमआय ३५ च्या वर असेल तर वजन उतरवा. रक्तात अँटीबॉडी किती आहेत तेही बघतात, जास्त बाळंतपणं झालेल्या बायकांत आणि पुष्कळ रक्त चढवलेल्यांत त्या वाढलेल्या असतात आणि मग जुळणारा दाता मिळायला वेळ लागतो. म्हणून ट्रान्सप्लांटची चर्चा चालू असताना कुणी रक्त चढवूया म्हणालं तर आधी सेंटरला फोन.

आता आपल्या भागाचं खास. तंबाखू. सिगरेट सोडली म्हणजे सोडली असं लोक म्हणतात आणि मिश्री चालूच असते, गुटखा चालूच असतो, आणि आमच्या मावशीसारख्या बायकांना तर मिश्री म्हणजे तंबाखू हेच पटत नाही, ती दात घासायची वस्तू. लघवीतली निकोटिनची टेस्ट मात्र मिश्री-विडी काही भेदभाव करत नाही. साधारण सहा महिने पूर्ण बंद पाहिजे आणि टेस्ट न सांगता करतात. एकदा खोटं सापडलं की मग टीमचा विश्वास जातो, तो परत यायला फार वेळ लागतो.

दुसरं, काम काय केलं ते खरं सांगा. उद्यमबागच्या फाउंड्रीत वाळूत काम केलंय, साखर कारखान्यात चिपाडाच्या ढिगाजवळ, वखारीत, यंत्रमागावर, घरावर कबुतरं पाळलीत, सगळं. चिपाडाच्या बुरशीनं, कबुतराच्या विष्ठेनं फुफ्फुसाला सूज येते, आणि कधीकधी ते कारण काढून टाकलं की आजार थांबतो, ट्रान्सप्लांट लांबतं. हे डॉक्टरला कोण सांगणार, आपणच.

आणि घरच्यांची मुलाखत. याला हसू नका. आक्काला तिथल्या मॅडमनी तासभर विचारलं, सकाळी आठला गोळी कोण देणार, तुम्ही आजारी पडलात तर कोण, इंग्रजी रिपोर्ट कोण वाचणार, घरात प्यायला पाणी कुठलं, संडास किती लांब. दाजी स्वतः गप्प बसून होते. शेवटी ठरलं, गोळ्या आक्का, आकडे मी. अशी दोन नावं तुम्हीही ठरवून जा, एकावर भागत नाही.

नाव घालणं, पैसा, आणि दोन राज्यांच्या मधला आपला घोळ

नाव फक्त हॉस्पिटलच घालतं. पेशंटनं स्वतः जाऊन कुठं अर्ज करायचा नसतो. कर्नाटकात हे काम जीवसार्थकते बघते, महाराष्ट्रात पुणे-मुंबईची झेडटीसीसी, वर दिल्लीची नोटो. २०२३ मध्ये केंद्रानं नियम बदलला, रहिवासी दाखल्याची अट काढली, ६५ वर्षांची मर्यादा काढली, नोंदणीची फी घ्यायची नाही म्हणून सांगितलं. म्हणजे खानापूरचा माणूस पुण्यात नाव घालू शकतो. वयाची सरकारी मर्यादा गेली म्हणून ७२ वर्षांच्या आजोबांना हॉस्पिटल हो म्हणेलच असं मात्र नाही, तो निर्णय तब्येतीवर.

बेंगळूर की पुणे? भाषेपेक्षा अंतराचा विचार आधी करा. दात्याच्या शरीरातून काढलेलं हार्ट चार तासांच्या आसपास नव्या छातीत चालू व्हायला पाहिजे, फुफ्फुसांना सहा तास किंवा थोडं जास्त मिळतात. फोन आला की दोन-तीन तासांत हॉस्पिटलात हजर राहा म्हणतात. बेळगावातून बेंगळूर पाचशे किलोमीटर, राणी चन्नम्मा एक्सप्रेसला अख्खी रात्र लागते. तेव्हा वेटिंगच्या काळात तिथं खोली घेऊन राहावंच लागतं, आणि ऑपरेशननंतर परत तीन महिने तरी. आम्ही एकूण अकरा महिने भाडं भरलं. ऑपरेशनच्या खर्चात हे कुणी धरत नाही आणि घर तिथंच बुडतं.

पैशाचं: खाजगीत खर्च दोन आकडी लाखांत जातो. बीपीएल कार्ड असेल तर कर्नाटक सरकारची सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत ट्रान्सप्लांटला मदत आहे, मग पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत वाजलंही, ते पेपरात आलंच होतं. पण तुमचं गाव यादीत आहे काय, आणि तुमचं पॅकेज त्यात बसतंय काय, हे हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर लेखी विचारून घ्या, तोंडी "होतंय बघा" वर अवलंबून राहू नका. आणि ऑपरेशनचे पैसे कुठून तरी उभे राहतात, महिन्याच्या गोळ्यांचे आयुष्यभर लागतात, ते आधी धरा.

कुणी भेटून नंबर वर सरकवतो म्हणाला तर चहा पाजून घालवा. १९९४ च्या कायद्यानं अवयवाचा पैसा घेणं-देणं गुन्हा आहे. आणि अवयव कुणाला मिळणार हे रक्तगट, आकार, आजाराची गंभीरता, अंतर यावर ठरतं. ओ गटवाल्यांना बहुतेक जास्त थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

थांबायच्या काळात नुसतं झोपून राहू नका. रोज चालणं, फिजिओनं दिलेले व्यायाम, अंडी-डाळ-दूध. फुफ्फुसवाल्यांनी तर ऑक्सिजन लावून चालायचं, मावशीचं काय झालं ते वर सांगितलंच. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू या लसी याच वेळात उरकतात. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं लाईटवरचं मशीन) असेल तर भरलेला सिलिंडर शेजारी पाहिजेच, पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

किती जगतात?

हा प्रश्न पेशंटसमोर कोण विचारत नाही, दाराबाहेर विचारतात. जगभरच्या नोंदींत हार्टचे पेशंट पहिलं वर्ष शंभरातले ८५ च्या वर काढतात, आणि निम्मे पेशंट बारा वर्षांच्या पुढे जातात. फुफ्फुसाचं पहिलं वर्ष साधारण तसंच जातं, पण निम्मे गाठतात ते साडेसहा-सात वर्षं. फरक का, तर हार्ट छातीत बंद असतं आणि फुफ्फुस प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेशी बोलतं, धूळ, जंतू, धूर सगळं थेट आत. ज्यांनी पहिलं वर्ष पार केलं त्यांचे पुढचे आकडे दोन्हीकडे बरेच चांगले आहेत.

हे आकडे परदेशातले जास्त. तेव्हा हॉस्पिटलला सरळ विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडे किती झाले, त्यातले किती जण आज वर्ष उलटून चालते-फिरते आहेत? "सक्सेस रेट ९५ टक्के" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न, सक्सेस म्हणजे घरी गेला तो, की वर्षभर जगला तो? आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर हसले, पण आकडे दिले.

वही

आता माझा विषय. दोनशे पानी वही, प्रत्येक दिवसाला एक ओळ: वजन, बीपी, नाडी, ताप, साखर, आणि गोळ्या घेतल्याची वेळ. फुफ्फुसवाल्यांनी वर घरच्या छोट्या स्पायरोमीटरचा (फुंकण्याची ताकद मोजायचं यंत्र) आकडा. मोबाईलचं ॲप वापरा हवं तर, पण दाजी फोन नातवाला देतात त्यामुळे आम्ही वहीच ठेवली.

मुख्य औषधं तीन असतात, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. त्यातलं टॅक्रोलिमस म्हणजे तारेवरची कसरत, कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर किडनीवर येतं, हात थरथरतात. म्हणून रक्तातली लेव्हल बघतात. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण १० ते १५, वर्षानंतर ५ ते १०, पण तुमची रेंज तुमची टीम देईल तीच. ही लेव्हल सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायची असते, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये.

इथं माझाच गाढवपणा सांगतो. घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात लॅबवाला पोरगा उशिरा येणार म्हणाला, पाऊस होता, तर मी दाजींना म्हटलं गोळी घेऊन टाका, तो येईल तेव्हा येईल. साडेनऊला रक्त घेतलं. सॅम्पल बाहेरगावी जातं, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, २३. बेंगळूरहून फोन, डोस निम्मा करा. नशीब आक्का शेजारी होती, ती म्हणाली, "अरे त्या दिवशी गोळी आधी दिली होतीस की." परत नीट करून बघितलं तर ९. त्या खोट्या २३ वर डोस निम्मा केला असता तर काय झालं असतं ते मला विचारू नका. तेव्हापासून लेव्हलच्या दिवशी गोळीची डबी आक्काच्या साडीच्या पदराला बांधलेली असते आणि ट्यूबवर मी स्वतः दोन वेळा लिहितो, शेवटची गोळी किती वाजता आणि रक्त किती वाजता.

मेडिकलवाला म्हणून सांगतो, टॅक्रोलिमसची कंपनी बदलू नका. दुकानदार म्हणेल "तेच आहे ओ, स्वस्त आहे", माझ्यासारखेच म्हणतात. बदलायची वेळ आलीच तर टीमला सांगून आणि लेव्हल परत करून. दिवसातून एकदाची आणि दोनदाची कॅप्सूल वेगळी असते, पाकीट बघून घ्या. पंधरा दिवसांचा साठा कायम पुढं ठेवा, गणपतीत आणि दिवाळीत माल अडकतो.

टॅक्रोलिमसला वर चढवणाऱ्या गोष्टी: क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फंगसची फ्लुकोनाझोल-इट्राकोनाझोल, बीपीचं डिल्टियाझेम, आणि पपनस. होय, परड्यातलं पपनस, ग्रेपफ्रूटचा तो भाऊच, बंद. खाली पाडणाऱ्या: टीबीची रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या. जुलाब लागले की लोकांना वाटतं औषध धुवून गेलं म्हणून जास्त घेतात, प्रत्यक्षात जुलाबात लेव्हल वर जाते. गोळी चुकली तर डबल घ्यायची नाही, फोन करायचा. अंगदुखीला आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक कुठल्याही दुकानातून घ्यायचं नाही, किडनी आधीच ओझ्याखाली आहे. गुळवेलीचा काढा तर अजिबात नको, इम्युनिटी वाढवायला म्हणून देतात आणि आपण ती दाबायला हजारोंच्या गोळ्या घालालोय, वर लिव्हरचा त्रास वेगळा. पाव्हणे बाटली घेऊन येतात, नमस्कार करून कपाटात ठेवा.

हार्टची बायोप्सी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, अशी विरळ होत जाते, हॉस्पिटलप्रमाणे थोडा फरक. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा आत घालून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात. माणूस जागा असतो, संध्याकाळी इडली खातो. रिपोर्टात रिजेक्शन किती आहे ते ० आर, १ आर, २ आर, ३ आर असं येतं, ० म्हणजे नाही, ३ म्हणजे सगळ्यात जास्त. १ आर बघून रडू नका, बहुतेक वेळा त्याला काही करत नाहीत, २ आरपासून पुढे स्टेरॉईडचे मोठे डोस देतात. आणि गंमत म्हणजे २ आर असतानाही माणसाला काही जाणवत नाही, दाजी त्या दिवशी चालून चहा पिऊन आले होते. "मला बरं वाटतंय, कशाला उगीच बेंगळूर" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

नव्या हार्टच्या मज्जातंतू कापलेल्या असतात. त्यामुळे बसल्या जागी नाडी ९० ते ११० असते, गावच्या डॉक्टरनं घाबरून गोळी दिली असं झालंय. जिना चढताना नाडी सावकाश वाढते आणि सावकाश उतरते, तेव्हा चालायला लागताना पहिली पाच मिनिटं हळू. आणि नसा बंद व्हायला लागल्या तरी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, थकवा येतो. म्हणून दुखत नसलं तरी ठरलेल्या वेळेला अँजिओग्राफी करायची.

फुफ्फुसवाल्यांनी स्पायरोमीटर रोज एकाच वेळी, बसून, तीनदा फुंकून सगळ्यात चांगला आकडा लिहायचा. नेहमीच्या आकड्यापेक्षा १० टक्के घसरला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच आला तर फोन, खोकला नसला तरी. नवं फुफ्फुस जिथं शिवलंय त्या जोडाच्या खालच्या भागाला जाणीवच नसते, कफ साठला तरी खोकला येत नाही. ब्रॉन्कोस्कोपी (नळी घालून फुफ्फुस आतून बघणं) पहिल्या वर्षी अनेकदा होते. आणि एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात किती हवा फुंकता येते) आपल्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली येऊन तिथंच थांबला तर तो क्रॉनिक, म्हणजे हळूहळू वाढणाऱ्या, रिजेक्शनचा इशारा, तो लवकर सापडला तरच काही करता येतं.

ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, आधी फोन. वजन दिवसात किलोभर वाढलं, पाय सुजले, लघवी कमी झाली, तरी फोन. तोंडात पांढरे चट्टे, अंगावर नागीण, तरी फोन. टीमचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, बेळगावातल्या एका डॉक्टरना फाईलची झेरॉक्स आधीच देऊन ठेवा म्हणजे रात्री कॅज्युअल्टीत पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही.

घरात पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं, मोड आलेली कच्ची मटकी नाही, गाड्यावरची पाणीपुरी नाही, उसाचा रसही नाही. कुंदा खाल्ला तर चालतो, साखरेचा आकडा बघून, स्टेरॉईडनं साखर चढते. शेतात जायचं असेल तर बूट आणि मास्क, शेणखत उपसणं, गंजीत हात घालणं, गोठा झाडणं दुसऱ्यानं करायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचंच म्हणून दाजींनी तिसऱ्या वर्षी हट्ट धरला. आम्ही नेलं, पण जत्रेत नाही, मधल्या एका साध्या वारी, सकाळी लवकर, भंडाऱ्याची उधळण चालू व्हायच्या आत दर्शन घेऊन खाली. फुफ्फुसवाल्यांना मी तेही करू नका म्हणेन, ती हळदीची पूड थेट आत जाते. घरातल्या लहान पोरांना पोलिओ डोस किंवा गोवर-कांजिण्यांची लस असली की आधी टीमला विचारा, आणि पेशंटला स्वतःला जिवंत जंतूंची लस कधीच नाही. फ्लूची सुई दरवर्षी, घरातल्या सगळ्यांना.

वर्षाच्या चेकअपला जाताना गोळ्या दोन पिशव्यांत घ्या, एक पेशंटच्या खांद्याला, एक बरोबरच्या माणसाकडे, दोन्हीत तीन-तीन दिवसांच्या. एकदा दावणगेरेला आमची एक बॅग डब्यातून गेली, त्यात फक्त टॉवेल आणि डब्यातली भाकरी-शेंगाचटणी होती म्हणून निभावलं.